मदत हवी आहे : जावा २५० गरम झाली की बंद पडते, तातडीने सांगा

रंकाळा_रायडर
वडिलांची १९६९ ची जावा आहे. बरीच वर्षं गावाकडं गोठ्याशेजारच्या खोलीत पडून होती, यंदा घरीच सगळी उतरवून केली. उद्यमनगरात बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, क्रँकची बेअरिंगं, दोन्ही ऑइल सील, पॉइंट आणि कंडेन्सर (स्पार्क पाडणारी जोडी), प्लग, वायरिंग सगळं नवीन. पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते, आवाज एक नंबर. पण पंधरा-वीस मिनिटं फिरवली की मिसिंग सुरू, सायलेन्सरमधून फाटफाट, आणि बंद. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. अर्धा तास थांबलं की परत चालू होते आणि थोडं अंतर जाऊन परत तेच. कार्बोरेटर खोलून साफ केला, फरक शून्य. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे आहे, तोवर गाडी रस्त्यावर पाहिजे म्हणजे पाहिजे. नेमकं काय बदलू तेवढं सांगा, बाकी सगळं नीट झालेलं आहे.

नाना_पेठी
टाकीचं झाकण बघा. त्यात हवेसाठी बारीक भोक असतं, रंगकामात ते हमखास बुजतं. मग टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. बंद पडली की लगेच झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली तर विषय संपला.

टूस्ट्रोकचा_धूर
झाकणबिकण काही नाही, कंडेन्सर गेलाय. शंभर टक्के. नवीन टाकलाय म्हणून चांगला असेल असं धरून चालू नका. गार असताना चालतो, तापला की दगा देतो. अंधारात पॉइंटचं कव्हर काढून बघा, पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सरच. जुना काढलेला फेकून दिला नसेल तर तोच परत लावा. आणि पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेवा, नजरेनं नको, फीलर गेजनं.

निवृत्त_फिटर
जरा दमानं घ्या. सहा व्होल्टच ठेवलंय की बारा केलंय? बंद पडल्याबरोबर प्लग काढून स्पार्क बघितलात का? प्लग ओला होता की कोरडा? एवढं कळल्याशिवाय औषध सांगणं बरोबर नाही.

रंकाळा_रायडर
काका, सहा व्होल्ट, ओरिजिनल डायनामो. स्पार्क बघितला, येतो पण पिवळा आणि बारीक. प्लग ओला, काळा. झाकण उघडून झालंय, फुस्स नाही की काही नाही. कंडेन्सर आज दुसरा टाकला, तेच.

आबा_कराडकर
प्लग काळा-ओला म्हणताय म्हणजे डाव्या बाजूचा क्रँक सील. क्लचकडचा सील नीट बसला नाही तर गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, प्लग बुडतो. पांढरा धूर किती येतो? गिअर ऑइलची लेव्हल बघा. इंजिन परत खोलावं लागणार, तयारी ठेवा. माझ्या येझदीला हेच झालेलं, त्याआधी सगळ्या गावानं कार्बोरेटर बदलायला सांगितलं होतं.

टूस्ट्रोकचा_धूर
आबा, सील गेला असता तर अर्धा तास थांबून बरा कसा होईल? उगाच माणसाला इंजिन खोलायला लावू नका. दुसरा कंडेन्सर पण त्याच डब्यातला असणार. भावा, दुसऱ्या कंपनीचा आण.

आबा_कराडकर
प्लग सुकला की चालू होणार, त्यात न समजण्यासारखं काय आहे? तुम्ही तीन पोस्टी कंडेन्सरच धरून बसलाय.

टूस्ट्रोकचा_धूर
दोन.

माउली_मोटर्स
गाडीचा फोटो टाका की राव. रंग कुठला केलाय? मरून आणि टाकीला क्रोम, सोनेरी रेघ?

रंकाळा_रायडर
फोटो खाली टाकलाय. रंग मॅट ब्लॅक, चेसिस आणि मडगार्ड पावडर कोटिंग. मागचा मडगार्ड छोटा केलाय, सीट एकट्याची. सीलचं म्हणाल तर गिअर ऑइल जिथल्या तिथं आहे, धूर टू-स्ट्रोकला असतो तेवढाच.

माउली_मोटर्स
जावाच्या टाकीवर मॅट ब्लॅक? ६९ ची मैसूरची गाडी होती ती. ती टाकी, गुडघ्यापाशी रबरी पॅड, वरून हातानं ओढलेली रेघ, ही त्या गाडीची ओळख आहे. कारखाना १९९६ ला बंद झाला, असली टाकी परत तयार होणार नाही. मला हे बघून खरोखर वाईट वाटलं.

रंकाळा_रायडर
टाकीचं क्रोम गंजून पापुद्रे सुटले होते, खालून भोकं पडलेली. पत्रा जोडून वाचवली ती टाकी, भंगारात नाही घातली. वडील रोज संध्याकाळी शेजारी खुर्ची टाकून बसायचे काम बघत. रंग त्यांना विचारून दिलाय. आता कृपा करून प्रॉब्लेमवर बोला.

कायद्यानं_वागा
पासिंगचं काय केलंत? आरसीवर मरून असेल तर काळ्या रंगाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागेल. चेसिस किंवा मूळ रचनेत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं आहे. शिवाय गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकली असती, नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. कापण्याआधी विचारायला हवं होतं.

रंकाळा_रायडर
साहेब, माहितीबद्दल आभारी आहे, पण चेसिस कापलेली नाही आणि हे मी विचारलेलं नाही. आरसी रिन्यू आहे. गाडी बंद का पडते?

प्राग_मधून
इकडं ३५३ चे, म्हणजे तुमच्या गाडीच्या मूळ चेक मॉडेलचे, सुटे भाग अजून सहज मिळतात. माझं मत विचाराल तर सहा व्होल्टच्या मागं लागूच नका. व्हापे म्हणून इथली कंपनी आहे, तिचा बारा व्होल्टचा अल्टरनेटर आणि पॉइंटशिवायचं इग्निशन असा पूर्ण संच येतो, उजव्या कव्हरच्या आत बसतो, बाहेरून कळतही नाही.

माउली_मोटर्स
बसवा, बसवा. टाकी गेली, आता डायनामो पण घालवा. मग जावा म्हणायला राहिलं काय?

प्राग_मधून
गाडी चालवायची असते हो. माझी ३५३ या संचावर आल्प्सचे घाट चढून आली आहे.

मैत्रेयी_नाशिक
रायडर, एक विचारू? गाडी नेहमी कुठल्या वेळेला फिरवता? आणि हेडलाइट चालू असतो का?

रंकाळा_रायडर
कामावरून आल्यावर, म्हणजे साडेसात-आठच्या पुढं. लाइट चालू असतोच, आमच्याकडं रस्त्यावर दिवे कमी आहेत. त्याचा काय संबंध?

मैत्रेयी_नाशिक
दिवसा कधी लांब नेलीत का?

रंकाळा_रायडर
गेल्या रविवारी सकाळी पन्हाळ्याला जाऊन आलो. तेव्हा काही झालं नाही, घाटात पण व्यवस्थित चढली. परत आल्यावर संध्याकाळी रंकाळ्यावर नेली तर पाच मिनिटांत बंद.

मैत्रेयी_नाशिक
मग हा गरम होण्याचा प्रॉब्लेमच नाही. उन्हात पन्हाळ्याचा घाट चढताना इंजिन जेवढं तापलं असेल तेवढं रात्री रंकाळ्याच्या फेरीत कधीच तापणार नाही. कंडेन्सर, कॉइल, सील यांतलं काही तापून जात असतं तर घाटातच गेलं असतं. तुमची बॅटरी उतरते आहे. बॅटरी कुठली टाकलीत? आणि गाडी चालू असताना चार्जिंगचा लाल दिवा विझतो का?

रंकाळा_रायडर
बॅटरी सहा व्होल्ट ४.५ एएचची (अँपिअर-तास) सीलबंद, इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती. जुना बॅटरीचा डबा काढला ना, सीटखाली तेवढीच मावते. रोज रात्री चार्जरला लावतो, त्यामुळं निघताना फुल असते. लाल दिवा लागलेलाच असतो, गाडी चालू आहे हे दाखवायला असतो ना तो?

निवृत्त_फिटर
पोरीनं बरोबर पकडलं. हे आधी सांगितलं असतं तर आबांना इंजिन खोलायला सांगावं लागलं नसतं.

लाल दिवा गाडी चालू आहे हे दाखवत नाही. चावी फिरवल्यावर लागायला हवा आणि इंजिनानं जरा वेग घेतला की विझायला हवा. पूर्ण वेळ लागलेला आहे म्हणजे डायनामो काहीच देत नाही. या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालतं, म्हणजे तुम्ही घरी भरलेल्या चार्जवर गाडी चालवताय. बल्ब कितीचा टाकलाय? बाजारात ३५ वॅटचा मिळतो तो असणार. सहा व्होल्टवर त्यालाच सहा अँपिअरच्या आसपास लागतात, वर कॉइलचे दोन-तीन. ४.५ एएचची बॅटरी एवढा बोजा अर्धा तास पण ओढणार नाही. दिवसा फक्त कॉइल खाते, म्हणून पन्हाळा झाला, आणि तो होऊन आल्यावर बॅटरीत राहिलंच नव्हतं, म्हणून संध्याकाळी पाच मिनिटं. अर्धा तास थांबलं की बॅटरी जराशी सावरते, एवढंच. प्लग ओला यासाठी की पेट्रोल येतंय पण जळत नाही. तुम्हाला पिवळा स्पार्क दिसला तेव्हाच बॅटरीवर मीटर लावायला हवा होता.

आता डायनामो का देत नाही. पावडर कोटिंग म्हणालात ना? त्यातून करंट जात नाही. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथं चेसिसला बसते आणि इंजिनाचे बोल्ट जिथं बसतात तिथली पावडर खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. त्यापेक्षा बॅटरीपासून थेट इंजिनापर्यंत एक जाड अर्थ वायर ओढा, कायमचं काम. मग मीटर लावा. रेस वाढवल्यावर बॅटरीवर ७ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे. ६ च्या खालीच रेंगाळत असेल तर उजवं कव्हर काढून कार्बन ब्रश बघा, म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागाला (आर्मेचरला) टेकणारे कोळशाचे तुकडे. बरीच वर्षं पडून असलेल्या डायनामोचं मॅग्नेटिझम पण उतरतं, ते बॅटरीचा क्षणभर करंट देऊन परत आणता येतं. पण ते वायरिंगचा नकाशा समोर ठेवून करा, उलटं जोडलं तर कटआउट (डायनामो आणि बॅटरीमधला रिले) जळेल.

टूस्ट्रोकचा_धूर
काका, कंडेन्सर तरी चांगला टाकू दे त्याला. लांबच्या प्रवासाला लागतोच.

प्राग_मधून
मूळ डायनामो ४५ वॅटचा आहे, त्यात ३५ चा बल्ब. तो दुरुस्त केला तरी ओढाताणच होणार. म्हणूनच बारा व्होल्ट म्हणत होतो.

निवृत्त_फिटर
२५ चा बल्ब लावा, तेवढ्यावर आम्ही रात्री साताऱ्याहून पुण्याला यायचो. आणि बॅटरी मोठी घ्या, डबा परत बसवा. डबा काढला म्हणून ही सगळी यातायात.

आबा_कराडकर
जाऊ दे, डावा सील पण एकदा बघून ठेवा. पुढं लागेल.

रंकाळा_रायडर
बोल्टांखालची पावडर पॉलिश पेपरनं काढली, बॅटरीपासून इंजिनाला वेगळी अर्थ ओढली. लाल दिवा आता रेस वाढवली की मंद होतो, पण पूर्ण विझत नाही. मीटरवर ६.१ ते ६.३ असं हलतंय, एका जागी थांबत नाही. बल्ब २५ चा आणलाय. डबा भंगारातून शोधून परत बसवतो, मोठी बॅटरी उद्या येईल. मैत्रेयीताई, काका, दोघांचे मनापासून आभार. आता पुढं काय, ब्रश?

निवृत्त_फिटर
आकडा हलतोय म्हणजे ब्रशच आधी. त्यांची स्प्रिंग मऊ झालेली असते, किंवा ब्रश खाचेत अडकून बसतात. बोटानं दाबून बघा, सहज मागं-पुढं झाले पाहिजेत. आर्मेचरचं तांबं काळं असेल तर बारीक पॉलिश पेपरनं फिरवून साफ करा, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा सुईनं मोकळ्या करा, पेट्रोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. ब्रश निम्म्यावर झिजले असतील तर नवे घ्या. पॉइंट त्याच बाजूला आहेत, कव्हर काढलंच आहे तर गॅप पण परत तपासा.

मैत्रेयी_नाशिक
आणि नवीन बॅटरी लावण्याआधी घरी पूर्ण चार्ज करून घ्या. अर्धवट भरलेली लावलीत तर डायनामो देतोय की नाही हे मीटरवर नीट कळणार नाही.