टी.वाय.ला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) राज्यघटनेची मूलभूत संरचना कशी शिकवता?

प्रश्न: मुलं कलमांचे आकडे घडाघडा म्हणतात, पण घटनादुरुस्तीला मर्यादा का, असं विचारलं की वर्ग चिडीचूप. तुम्ही काय करता?

उत्तर: मॅडम, संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही, हा सिद्धांत आधी सांगूच नका. केशवानंद भारती खटला घ्या: १९७३, १३ न्यायमूर्ती, निकाल ७ विरुद्ध ६. मी फळ्यावर कलम ३६८ (संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार) लिहितो, १३ मुलं पुढे बसवतो आणि प्रत्येकाकडून कारणासह निकाल घेतो. एक मत फिरलं असतं तर? तास संपला तरी जिन्यात वाद चालूच.

उत्तर: सर, १९७५ची ३९वी दुरुस्तीही घ्याच. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. खरा धोका मुलांना तिथे दिसतो.

प्रश्नकर्ती: सोमवारीच घेते. लाजाळू मुलांना आधी लिहून आणायला सांगू?

उत्तर: जरूर. अर्धं पान पुरे.