पुणे ते स्पिती: मी, मैत्रीण आणि ढब्बू (कुत्रा). रस्ता, मुक्काम, उंची यावर सल्ला हवा

पायवाट
मंडळी, मी आणि माझी मैत्रीण पुण्याहून गाडीने हिमाचलातल्या स्पितीला जायच्या बेतात आहोत. तिसरा भिडू ढब्बू. देशी, चार वर्षांचा, अठरा किलोच्या आसपास, गाडीचं दार उघडलं की आधी हा आत. दापोली-महाबळेश्वर त्याच्या अंगवळणी पडलंय, पण इतका लांबचा पल्ला पहिल्यांदाच. गाडी दोघीही चालवतो. सुट्टी मेच्या शेवटी मिळेल, ओढाताण केली तर सप्टेंबरच्या शेवटीही. मनालीकडून चढायचं आणि शिमल्याकडून उतरायचं असं डोक्यात आहे.

कुठून जावं, दिवसाला किती अंतर धरावं, कुत्र्यासकट खोली कोण देतं आणि बारा हजार फुटांवर कुत्र्याला काय होतं, यावर लिहा. "त्याला घरी ठेवा" हा सल्ला आईकडून रोज मिळतोय, तेवढा सोडून.

निवृत्त_चालक
मीही तोच देणार होतो. असो. जाणारच असाल तर मे विसरा. कोटा-जयपूर पट्ट्यात तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकतो. तुम्ही एसीत बसाल हो, पण दुपारी दोनला त्याला शू लागली की तापलेल्या डांबरावर कोण उतरणार? शिवाय मेअखेर मनाली-स्पिती वाटेवरचा कुंझुमचा घाट उघडलेला असेलच याची खात्री नाही, बऱ्याचदा जून उजाडतो.

आडरस्ता
काकांशी सहमत, सप्टेंबरच धरा. आमची जोडगोळी कुत्रीसह या रस्त्याने जाऊन आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चाकण सकाळी सहाच्या आत मागे टाका, नाहीतर पहिला दिवस तिथेच संपतो. नाशिक, धुळे, शिरपूर, मग बिजासन घाट चढून सेंधवा आणि इंदूर. घाटात ट्रकच्या मागे-पुढे भरपूर अंतर ठेवा, ब्रेक निकामी होण्याचे प्रकार तिथे होतात. पुणे-इंदूर सहाशेच्या घरात आहे. एका दमात होतं, पण कुत्रा असताना करू नका, धुळ्याला थांबा. पुढे उज्जैन, आगर, झालावाड, कोटा. कोट्याच्या अलीकडे दऱ्याच्या नाळेत (अरुंद खिंडीत) ट्रकांची रांग लागते, तिथे पाणी हाताशी असू द्या. जयपूरहून दिल्लीच्या वाटेला जाऊच नका. कोटपुतलीहून नारनौलला वळा आणि १५२डी धरा. २२७ किलोमीटरचा हा द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला, थेट अंबाल्याच्या बाजूला काढतो. तिथून चंदीगड हाकेवर.

आता दिवसाचा हिशेब. माणसांच्या प्रवासात किलोमीटर मोजतात, कुत्र्याच्या प्रवासात घड्याळ बघावं लागतं. पहाटे पाचला निघायचं, दर दोन तासांनी थांबायचं, तीन-साडेतीनला मुक्कामी पोचायचं. त्यात चारशे-साडेचारशे किलोमीटर होतात, तेवढेच धरा. संध्याकाळी त्याला गावात नीट फिरवून आणता आलं तर रात्री तो झोपतो, आणि तो झोपला तरच तुम्ही झोपता. आम्ही एकदा अंधार पडल्यावर पोचलो. कुत्रीने अनोळखी खोलीत रात्रभर येरझाऱ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघेही स्टिअरिंगवर पेंगत होतो.

थांबताना ढाब्याच्या दारात थांबू नका. प्रत्येक ढाब्याची आपली चार-पाच कुत्री असतात आणि त्यांना पाहुणा खपत नाही. पेट्रोल पंपाची मागची मोकळी जागा बरी. आधी एकाने उतरून पाहणी करायची, दुसऱ्याने पट्टा हातात घेऊनच दार उघडायचं. पट्टा लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

चहाबाज
वाचनखूण साठवली. दऱ्याच्या नाळेबद्दल +१०००.

गोचीडमार
मी पशुवैद्य आहे, तेव्हा माझ्या खात्याचं लिहितो. ढब्बूला प्रत्यक्ष न पाहता औषधं सांगणार नाही. निघायच्या महिनाभर आधी तुमच्या डॉक्टरांकडून हृदय, फुप्फुसं तपासून घ्या. रेबीज आणि बाकीच्या लसी चालू असल्याची नोंदवही मूळ प्रत आणि मोबाइलवर फोटो, दोन्ही ठेवा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) लस विचारून घ्या. गोचिडांसाठीची गोळी निघण्याआधी द्या, कारण माळवा-राजस्थानातल्या गुराढोरांच्या वाटांवर गोचीड हमखास लागतं आणि गोचीडताप घरी परतल्यावर डोकं वर काढतो. परत आल्यावर ताप, सुस्ती, हिरड्या पांढुरक्या असं दिसलं तर रक्त तपासा, दोन दिवस वाट बघत बसू नका.

गाडी लागत असेल तर निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी थोडं थोडं द्या. माणसांच्या उलटीच्या गोळ्या मनाने देऊ नका. जेवण मुक्कामी पोचल्यावर.

ढाब्यावरचं काहीही नको. डाळीत, भाजीत, पोह्यात सगळीकडे कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नाही. शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर नाहीच नाही. उकडलेली अंडी, साधी रोटी, दही-भात हे कुठेही मिळतं.

बंद गाडीत एकटं ठेवणं, खिडकी बोटभर उघडी ठेवूनसुद्धा, नको. बाहेर २१ अंश असताना अर्ध्या तासात आत ४० होतात. धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली असेल, तोल जात असेल तर सावलीत घेऊन पोट, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी ओतू नका.

पायवाट
@गोचीडमार, खूप आभार. उंचीचं राहिलं ना? आणि @आडरस्ता, मुक्कामाचं?

गोचीडमार
कुत्र्यालाही उंची बाधते. फरक इतकाच की तो डोकं दुखतंय असं सांगत नाही. जेवण सोडणं, उलटी, बसल्या जागी धाप, चालायला नकार ही लक्षणं बघा. हिरड्या निळसर दिसल्या तर विचार न करता खाली उतरायचं, रात्र असली तरी. त्यामुळे तुमचा मनालीकडून चढायचा बेत मला पसंत नाही. मनाली दोन हजार मीटरवर आणि कुंझुम साडेचार हजारांवर, एका दिवसात एवढी उडी कुणालाच नको.

आडरस्ता
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). उलटं करा. शिमला, नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा. नारकंडा २,७०० मीटर, कल्पा तीन हजारांच्या जरा खाली, नाको साडेतीन हजारांच्या वर, काझा तसाच. शरीर हळूहळू सरावतं. कल्पाला दोन रात्री काढाच, समोर किन्नर कैलास असल्यावर तक्रार कोण करणार! ढब्बू ठणठणीत असेल तर परतताना कुंझुम, ग्राम्फू आणि अटल बोगद्यातून मनाली. नसेल तर आल्या वाटेने परत. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला.

मुक्कामाचं म्हणाल तर संकेतस्थळावरच्या "पेट फ्रेंडली" शिक्क्यावर जाऊ नका. फोन करा, जात आणि वजन सांगा, फोटो पाठवा आणि होकार लेखी घ्या. शहरातल्या काही हॉटेलांत ऐन वेळी "सर, छोटा डॉग समझा था" होतं. जमिनीलगतची खोली मागा. आपली चादर आणि पायपुसणं न्या. हिमाचलात होमस्टे सोपे, मात्र एक प्रश्न विसरू नका: तुमचा स्वतःचा कुत्रा आहे का? असला तर तो अंगणात मोकळा असतो आणि पाहुण्याला दारातही येऊ देत नाही.

डोंगरकपारी
डोंगरातली एक गोष्ट कुणी लिहिली नाही. रात्री कुत्र्याला एकटं बाहेर सोडू नका, अंगणातही नाही. बिबट्या कुत्री उचलतो. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरून खिळे असलेला लोखंडी पट्टा दिसेल, तो त्यासाठीच असतो. ती कुत्री कळपाजवळ येऊ देत नाहीत. मेंढ्या दिसल्या की ढब्बू गाडीत, काचा वर, कळप जाईपर्यंत शांत बसा.

सातासमुद्रापार
अवांतर: आम्ही इथे ॲरिझोनात राहतो. इथल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर कुत्र्यांना मनाई असते, पण ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून पट्टा लावून हिंडता येतं. तिकडे काय नियम आहेत?

निवृत्त_चालक
तिकडचं तिकडे. इकडे व्याघ्र प्रकल्पात आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत कुत्रा नेता येत नाही, एवढं पुरे. रेल्वेने न्यायचा पर्यायही आहे. एसी फर्स्टचा अख्खा कूपे आरक्षित केला तर सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. पेटीत नेऊ नका, मी बघितली आहे.

आडरस्ता
यावरून मुख्य मुद्दा. मैत्रीण ढब्बूला एकटी सांभाळू शकते का? ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला, आत ढब्बू येणार नाही. म्हणजे एकीने बाहेर तासभर बसायचं, मग अदलाबदल. कोट्यापासून काझापर्यंत प्रत्येक ठिकाणी हेच होणार. ती फक्त "गोड आहे गं" म्हणणारी असेल तर चौथ्या दिवशी तोंडं फिरलेली असतील. निघण्याआधी एक अख्खा शनिवार-रविवार ढब्बू तिच्या घरी राहू दे, तुम्ही नसताना. तो तिच्या हातचं जेवला, तिच्या हाकेला वळला, की निम्मं काम झालं.

आणि पैशाचं आधीच बोला. खोलीत कुत्र्याचे जास्तीचे पैसे, त्याच्यामुळे घ्यावी लागलेली महाग खोली, ही तुमची. पेट्रोल, टोल अर्धं-अर्धं. संकोच वाटतो, पण जयपूरच्या हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून बोलण्यापेक्षा घरी चहावर बोललेलं बरं.

पायवाट
हा मुद्दा अगदी मर्मावर लागला. ती पुढच्या आठवड्यात ढब्बूला नेतेय आणि मी सिंहगडाकडे न फिरकता घरी बसणार आहे. सप्टेंबरचा शेवट पक्का, किन्नौरकडून (शिमला-कल्पा वाटेने) चढाई पक्की. मागच्या सीटवर हार्नेस लावायचा की जाळी लावून डिकीत?

आडरस्ता
मागची सीट, छातीचा हार्नेस, सीटबेल्टच्या खाचेत अडकणारा आखूड पट्टा. गळपट्ट्याला कधीही बांधू नका, जोरात ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. डिकीत घाटात तो सामानासारखा घरंगळेल. मधल्या मोकळ्या जागेत बॅगा कोंबून वर गादी घाला, त्याला सलग पलंग मिळतो.

डोंगरकपारी
सप्टेंबर धरलात म्हणून सांगतो: तेव्हा सफरचंदाचा हंगाम असतो. ठियोग-नारकंडा पट्ट्यात पेट्यांचे ट्रक रस्ता अडवतात. शिमल्याला मुक्काम न करता अलीकडे थांबा आणि ठियोग उजाडायच्या आत पार करा. पेटी घ्यायचा मोह झाला तर परतताना घ्या, जाताना मागची सीट ढब्बूची आहे.