साठीपुढच्या माणसांसाठी पावलीचा वर्ग: डोक्याला खरंच चालना मिळते का, आणि बसवायचा कसा?

गोदाकाठची

रामकृष्ण हरी मंडळी. गंगाखेड तालुक्यातलं आमचं गाव. भजनी मंडळातल्या साठीपुढच्या २२ जणांसाठी (१६ बाया, ६ गडी, सगळ्यात थोरल्या आजी ८१ च्या) देवळापुढच्या मंडपात आठवड्यातून तीन दिवस पावली (अभंगाच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचणं) आणि फेराचा वर्ग सुरू करायचा आहे. नुसता व्यायाम हा हेतू नाही. तोल शाबूत राहावा, विसरभोळेपणा लांबणीवर पडावा, माणसं घरात एकटी बसून राहू नयेत, यासाठी हे चाललंय. मंडप २५ बाय २५ फूट, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. मृदंगवाला गावातलाच आहे.

निम्म्या जणांना बीपी, सात-आठ जणांना शुगर, गुडघे तर जवळपास सगळ्यांचेच धरलेले. एका वेळी किती वेळ घ्यावं? सुरुवात कशानं करावी? कुणाला उभं करू नये? आणि मुख्य प्रश्न: हरिपाठातली पावली सगळ्यांना येतेच, मग तीच रोज घेतली तर पुरे नाही का?

मांजराकाठ फिजिओ

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. पाठ झालेली पावली दमाला आणि पायांना चांगली, पण डोक्याला तिच्यात फारसं काम उरत नाही. चाळीस वर्षं पावली खेळणाऱ्याचे पाय आपोआप पडतात, मन तेवढ्या वेळात शेतावर जाऊन येतं. डोक्याला काम पडतं ते नवी चाल ध्यानात ठेवताना, ऐन वेळी दिशा बदलताना, शेजारणीच्या पायाशी पाय जुळवताना. म्हणून पावली हाताशी आहे तीच घ्या, पण ती बदलत राहा.

पुरावा किती, तेही सांगते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या माणसांत डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी आढळला. अंगमेहनतीच्या छंदांपैकी असा संबंध फक्त नाचाचा दिसला. पण एक लक्षात घ्या. ज्याची स्मृती आतून ढासळू लागलेली असते तो नाचायला जाणं आधीच सोडतो, त्यामुळे नाचामुळेच फरक पडला असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. दुसरा अभ्यास जर्मनीतल्या माग्देबुर्गचा, २०१७ चा. त्यात वयस्कर मंडळींचे दोन गट दीड वर्ष चालवले, एक नाचाचा आणि एक ठरावीक व्यायामाचा. स्मृतीशी संबंध असलेला मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, दोन्ही गटांत थोडा वाढलेला दिसला, पण तोल फक्त नाचाच्या गटात सुधारला. नाचाच्या गटाला दर दुसऱ्या आठवड्याला नव्या चाली देत होते. माणसं थोडी होती, तरी वर्ग कसा बांधावा याचा धडा त्यात आहे. 'पावली केली की डिमेन्शिया होत नाही' असं मात्र गावात कुणाला सांगू नका.

वेळेचं म्हणाल तर ५० मिनिटांचे तीन वर्ग, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना किमान एवढी मध्यम हालचाल सुचवते, शिवाय तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. पहिले दोन आठवडे मात्र २५ मिनिटांवर थांबा. गुडघे पहिल्या दिवशी दुखत नाहीत, तिसऱ्या दिवशी दुखतात, आणि चौथ्या दिवशी माणूस येत नाही.

कुणाला उभं करायचं हे वर्ग सुरू होण्याआधी एकदा तपासून घ्या. हात असलेली खुर्ची मांडा, तिच्यापासून तीन मीटरवर खडूची रेघ ओढा. खुर्चीतून उठून, रोजच्या चालीनं रेघेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर त्या माणसाला पडण्याचा धोका आहे असं धरा. त्यांनाही वर्गात घ्या, पण खुर्चीच्या पाठीला धरून उभं करा किंवा बसूनच पाय मारू द्या. झोपेतून किंवा बैठकीतून उठल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांचं बीपी आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गिरकी आणि वाकणं बंद. वर्गाच्या दिवशी बीपी १८०/११० च्या वर निघालं तर त्या दिवशी उभं राहायचं नाही. गेल्या तीन महिन्यांत हार्ट अटॅक, लकवा किंवा ऑपरेशन झालं असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर.

शुगरवाल्यांत दोन प्रकार. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेतात त्यांची शुगर नाचताना उतरू शकते. त्यांनी उपाशीपोटी यायचं नाही, एकादशीलासुद्धा. मंडपात गुळाचे खडे आणि ग्लुकोजचा डबा ठेवा. घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं दिसलं की लगेच बसवून तोंडात साखर. ज्यांचे तळपाय बधिर झालेत त्यांचे पाय वर्गाआधी आणि नंतर बघायचेच, खडा रुतलेला त्यांना कळत नाही.

ठेका आठ मात्रांचा

वरचं सगळं पटलं. आता चालीचं सांगतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, तेवढ्यात एक चाल बसते.

१ उजवा पाय पुढे ठेव. २ डावा शेजारी टेकव. ३ डावा मागे ठेव. ४ उजवा शेजारी टेकव. ५ उजवा उजवीकडे ठेव. ६ डावा जुळवून ठेव. ७ उजवा पुन्हा उजवीकडे ठेव. ८ डावा टेकव. पुढच्या आठ मात्रा हेच डाव्यानं, डावीकडे.

यातली मेख 'ठेव' आणि 'टेकव' या दोन शब्दांत आहे. ठेवलेल्या पायावर अंगाचा भार येतो. टेकवलेल्या पायाचा फक्त चवडा फरशीला लागतो, टाच उचललेलीच राहते. नवशिका दुसऱ्या मात्रेला डाव्यावर भार टाकून मोकळा होतो. मग तिसऱ्याला मागे न्यायला डावा पाय उरत नाही, उजवा जातो, आणि पाचव्या मात्रेला सगळा फेर उजवीकडे सरकत असताना तो डावीकडे शेजाऱ्यावर आदळतो. तुम्हाला चूक पाचव्यावर दिसेल, पण ती झालेली असते दुसऱ्यावर. म्हणून दुरुस्तीही दुसऱ्यावरच करायची. पहिले दोन आठवडे फक्त पहिल्या चार मात्रा घ्या. टेकवलेला पाय एक बोट वर उचलून दाखवायला सांगा. उचलता आला म्हणजे भार दुसऱ्या पायावर आहे.

शिकवणाऱ्यानं फेराच्या मधे तोंड समोर करून उभं राहू नये. समोरच्यांना उजवा-डावा उलटा दिसतो आणि निम्मी माणसं गोंधळतात. फेरातच, सगळ्यांसारखंच उभं राहा. उजव्या पायात रंगीत दोरा बांधला तर 'दोऱ्याचा पाय' म्हणता येतं, उजवा-डावा आठवत बसावं लागत नाही.

लय घड्याळावर धरा. सुरुवातीला १५ सेकंदांत २० मात्रा, महिन्यानंतर २५. मृदंगवाल्याला हे वर्गाआधी बजावून सांगा, कारण भजनाची सवय चढत जायची असते. अभंग रंगला की हात आपोआप द्रुतात जातो, आणि माणसं पडतात ती नेमकी तेव्हाच, शेवटच्या चरणाला. या वर्गात लय चढवायची नाही. रंग वाढवायचा तर आवाज वाढवा.

आता डोक्याचं काम. पाय बसले की चार गावांची नावं इशारे म्हणून ठरवा. 'नरसी' म्हटलं की चार पावलं आत, 'गंगाखेड' म्हटलं की चार बाहेर, 'पैठण' म्हटलं की फेराची दिशा उलटी, 'तेर' म्हटलं की जागेवर थांबून एक टाळी. या गावांचे संत नामदेव, जनाबाई, एकनाथ, गोरोबाकाका सगळ्यांच्या ओठांवर आहेत, त्यामुळे नावं पाठ करावी लागत नाहीत, फक्त हालचाल जोडावी लागते. इशारा सातव्या मात्रेला द्यायचा, म्हणजे पुढच्या समेपर्यंत, म्हणजे पहिल्या मात्रेपर्यंत, ऐकून ठरवायला वेळ मिळतो. आठवीला दिला तर पाय आधीच निघालेला असतो. तीन आठवड्यांनी अर्थ बदला: नरसी म्हणजे बाहेर, गंगाखेड म्हणजे आत. सवयीनं उचललेला पाय आवरून दुसरीकडे न्यावा लागतो, आणि माझ्या मते अख्ख्या वर्गातली ही सगळ्यात मोलाची दहा मिनिटं आहेत.

एका वेळी बदल एकच करायचा. पाय नवे असतील तर इशारे जुने, इशारे नवे असतील तर पाय जुने. हातात टाळ द्यायचे ते सगळ्यात शेवटी. दहापैकी दोन-तीनदा चूक होईल एवढी अवघड चाल ठेवा. कुणाचीच चूक होत नसेल तर चाल जुनी झाली. निम्म्या चुका होऊ लागल्या तर माणसं हिरमुसतात, तेव्हा एक पायरी मागे या.

शहाबादी

फरशीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. देवळाचा मंडप म्हणजे चपला बाहेर. अनवाणी चालेल, पायमोजे मात्र अजिबात नको. गुळगुळीत झालेल्या शहाबादीवर बारीक धूळ असली तरी पाय सरकतो, आणि बुक्का, अक्षता, सांडलेलं तेल असेल तर विचारूच नका. वर्गाआधी अर्धा तास ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. फरशांच्या सांध्यातली वर आलेली कड अंगठ्याला लागते, तेवढ्या कडा आधी सिमेंटनं भरून घ्या. ज्यांचे तळपाय बधिर आहेत त्यांच्यासाठी रबरी तळव्याचे बंद बूट लागतात. देवळात ते चालत नसतील तर वर्गच शाळेच्या व्हरांड्यात घ्या.

जागेचा हिशोब असा. २० माणसांना प्रत्येकी तीन फूट म्हणजे फेराचा घेर ६० फूट, आडवा १९ फूट. भोवती खुर्च्यांना तीन-तीन फूट धरले की तुमचे २५ फूट संपले. म्हणजे फेरात वीसच, उरलेले दोघे आळीपाळीनं खुर्चीवर टाळ धरतील. खुर्च्या प्लास्टिकच्या हलक्या नकोत, धरल्या की कलंडतात. लाकडी किंवा लोखंडी आणून भिंतीला टेकवून ठेवा.

काष्ट्याचं नऊवारी उत्तम, पाय मोकळे राहतात. सहावारीचा काठ घोट्याच्या चार बोटं वर घ्यायला सांगा आणि पदर खोचायला. मागे पाऊल टाकताना टाच काठावर पडते आणि तोल मागे जातो, तिथं हात टेकायलाही वेळ मिळत नाही.

पत्र्याखाली लाऊडस्पीकर लावू नका. आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. वयानं ऐकू कमी येतं ते आधी बारीक, उंच आवाजाचं. त्यामुळे टाळ ऐकू आले नाहीत तरी मृदंगाचा खालचा, जाड आवाज ऐकू येतो. कमी ऐकणाऱ्यांना मृदंगाजवळ उभं करा आणि इशाऱ्यासोबत हातही दाखवा.

चैत्र-वैशाखात सकाळी साडेसहा. संध्याकाळी ऊन उतरलं तरी पत्रा आणि फरशी तापलेलीच असते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून आलेल्या असतात, तेव्हा वर्ग अर्धाच घ्या आणि वाकण्याच्या चाली वगळा.

गोदाकाठची

लाख मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. आणखी तीन गोष्टी विचारते. बायांना फुगडी आणि गड्यांना लेझीम हवी आहे, द्यावी का? सगळे अभंग म्हणतच नाचणार, मग दम किती लागला हे ओळखायचं कसं? आणि एक आजी आहेत, सहा महिन्यांत बऱ्याच विसरायला लागल्यात. एकच गोष्ट चार वेळा विचारतात. त्यांना घ्यावं का?

मांजराकाठ फिजिओ

उभी गिरकीची फुगडी नको. मान मागे टाकून फिरताना चक्कर येते, हात सुटला तर दोघी पडतात, आणि या वयात खुबा मोडला की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. तीच गाणी ठेवून समोरासमोर हात धरून जागेवर पाय बदलायचे. बस फुगडी कुणालाच नको, गुडघ्यांवर सगळा भार येतो. लेझीम द्या, पण हलकी लाकडी. खांद्याच्या वर न्यायची नाही आणि उकिडवं बसायच्या चाली काढून टाकायच्या.

दमाची साधी खूण अशी की बोलता यावं, पण गाता येऊ नये. तुमच्याकडे सगळे गात नाचत असतील तर मेहनत कमी पडतेय. दोन गट करा. एका चरणाला निम्म्यांनी गायचं आणि जागेवर हलकं पाय हलवायचं, बाकीच्यांनी न गाता पूर्ण पावली घ्यायची, पुढच्या चरणाला उलट. ज्याला दोन वाक्यंही धड बोलता येत नाहीत त्याला चालत चालत बाहेर काढा. एकदम थांबवून उभं करू नका, चक्कर येते.

आजींना जरूर घ्या, पण त्याआधी दवाखान्यात न्या. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. सहा महिन्यांत एवढा फरक पडला तर बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, ऐकू येणं, मनाची उदासी आणि चालू असलेल्या गोळ्या हे सगळं बघायला हवं, यातलं बरंच उपचारानं सुधारतं. आजी माळकरी असतील तर बी-१२ चं विशेष विचारा. शाकाहारात ते कमी मिळतं, आणि शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलं असेल तर आणखी उतरतं.

ठेका आठ मात्रांचा

आजींना फेरात दोन पक्क्या पावलीवाल्यांच्या मधे उभं करा, दर वेळी त्याच दोघींच्या मधे आणि त्याच जागी. त्यांच्यासाठी इशारे बदलू नका. शेजारणीनं सातव्या मात्रेला हात हलकेच दाबायचा, ओढायचं नाही. चाल चुकली तर तोंडानं दुरुस्ती सांगत बसू नका, शेजारणीनं आपलं पाऊल जरा ठळक टाकायचं. आणि वर्गाची सुरुवात नेहमी लहानपणापासून पाठ असलेल्या एकाच अभंगानं ठेवा, तो कधी बदलू नका. वर्ग कुठे आहे, आपण इथं का आलो, हे विसरलं तरी त्या अभंगावर त्यांचे पाय सुरू होतील.