शब्दचर्चा: 'अन्य भाषा' बोलणं म्हणजे नेमकं काय बोलणं?

उपशीर्षकवाली

मंडळी, एका अमेरिकी माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. प्रसंग चर्चमधला. एक बाई उभी राहते, डोळे मिटते आणि तिच्या तोंडून भराभर न कळणारे शब्द बाहेर पडू लागतात. शेजारची ओरडते, 'शी इज स्पीकिंग इन टंग्ज!' माझ्या आधी ज्यांनी या कामाला हात लावला होता त्यांनी लिहून ठेवलंय, 'ती जिभांमध्ये बोलते आहे'. वाचून मीच जीभ चावली. ओळीत जागा थोडी, प्रसंग दोन सेकंदांचा. मराठीत याला रूढ शब्द आहे का?

खवचट काका

जिभेला हाड नसतं हे ऐकून होतो, चर्चमध्ये तिचं अनेकवचनही होतं हे आज कळलं. 'ती काहीबाही बरळते आहे' असं लिहा आणि मोकळ्या व्हा.

पिंपरीकर

काका, बरळणं तापात असतं. ती बाई स्वतःच्या समजुतीनुसार प्रार्थना करते आहे. उपशीर्षकात तिची टिंगल नको.

रूढ शब्द आहे: अन्य भाषा. मराठी ख्रिस्ती घरात कुणालाही विचारा, लगेच कळेल. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात हा शब्द पानभर पसरलेला आहे. अन्य भाषा बोलणारा माणसांबरोबर नव्हे तर देवाबरोबर बोलतो, असं त्या पत्राचा लेखक, प्रेषित पौल, तिथे लिहितो. बोलण्यात मात्र 'अन्य' पुष्कळदा गळून पडतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, नुसतं 'त्यांना भाषा मिळाली' म्हणतात. लहानपणी आई बाबांना सांगत होती, 'पुढच्या बाकावरच्या मावशींना काल भाषा मिळाली.' घरी आलेल्या आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, 'हो का? कुठला क्लास लावला होता?'

आणखी एक फरक सांगून ठेवतो, तुमच्या कामाचा आहे. एकटं बसून, किंवा सगळे मिळून, आपापली केलेली ती 'अन्य भाषेत प्रार्थना'. पण एकच जण उठून सभेला उद्देशून मोठ्याने बोलला, तर त्यामागून कुणीतरी 'अर्थ सांगणारा' लागतो. पौलाचा दंडक कडक आहे: दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. तोच माणूस त्याच अध्यायात म्हणतो की मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बोललेले बरे. पण शेवटी अन्य भाषेला मनाई करू नका, असंही लिहितो. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीची ओळ अधोरेखित करत आलेत.

शब्दपारधी

पिंपरीकरांनी शब्द दिला, मी त्याची गाठ सोडून पाहतो.

मूळ ग्रीक शब्द 'ग्लोस्सा'. अर्थ दोन: तोंडातली जीभ आणि भाषा. इंग्लिश 'टंग'ला हीच दुहेरी सोय आहे, फारसीतून आलेल्या 'जबान'लाही. आपल्याकडे भाषेची नावं अवयवावरून पडलेली नाहीत. भाषा 'भाष्'वरून, वाचा 'वच्'वरून, बोली बोलण्यावरून. म्हणजे आपण क्रियेवरून नाव ठेवलं, त्यांनी अवजारावरून. हिब्रूत 'लाशोन' म्हणजे जीभ आणि भाषा, शिवाय बायबलमधल्या बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत भाषेसाठी चक्क 'ओठ' हा शब्द आहे. सगळ्या पृथ्वीचा 'एकच ओठ' होता!

या दुहेरी अर्थामुळे बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक श्लेष आहे आणि मराठीत तो निसटतो. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (इंग्लिशमध्ये 'पेंटेकॉस्ट') यरुशलेमेत येशूचे शिष्य जमले असताना अग्नीच्या जिभांसारखं काहीतरी त्यांच्यावर उतरलं आणि ते 'निरनिराळ्या भाषांतून बोलू लागले'. ग्रीकमध्ये वर उतरली तीही ग्लोस्सा, तोंडून निघाली तीही ग्लोस्सा. मराठीत वर जीभ आणि खाली भाषा, दोघींची ओळखदेख नाही. खरं तर ज्वाळेला जीभ म्हणणं आपल्याला परकं नाही, मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिव्हा नावानिशी मोजल्या आहेत. परकं आहे ते भाषेला जीभ म्हणणं.

आता त्या 'अन्य'कडे या. माझ्या मते या शब्दातली खरी गंमत तिथेच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत 'इतर' या अर्थाचं विशेषण ग्रीकमध्ये खरोखर आहे. करिंथकरांच्या पत्रात, यशया संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेतलेली एक ओळ सोडली, तर नुसतं 'ग्लोस्सा' आहे. 'जो भाषेने बोलतो', एवढंच. पण हे मराठीत चालेना. भाषेने तर सगळेच बोलतात! म्हणून भाषांतरकारांनी 'अन्य' जोडलं. इंग्रजांनाही हीच अडचण आली होती. 1611च्या इंग्लिश बायबलमध्ये या ठिकाणी 'अननोन' हे विशेषण घातलं गेलं. मुळात नसलेले शब्द तिथे वेगळ्या ठशात छापतात, तसंच तेही छापतात. आपल्याकडचं 'अन्य' मात्र साध्या ठशात बसून राहिलं आणि अर्थाला दिशा देऊन गेलं. 'अन्य' म्हटलं की वाटतं जगातली दुसरी एखादी भाषा, कानडी नाहीतर लॅटिन. 'अज्ञात' म्हटलं असतं तर वेगळं वाटलं असतं.

ध्वनिवेडा

शब्दपारधी, हा नुसता शब्दाचा प्रश्न नाही, कारण दोन घटना खरंच वेगळ्या दिसतात. यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी वगैरे बाहेरगावच्या लोकांना आपापली बोली ऐकू आली. चमत्कार कळण्याचा होता. (तरी काही जण म्हणालेच की हे प्यायलेत. त्यावर शिष्यांपैकी पेत्राचं उत्तर, अहो, सकाळचे नऊ वाजलेत!) करिंथात कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून तर अर्थ सांगणारा हवा. पहिल्या प्रकाराला अभ्यासक 'झेनोलालिया' म्हणतात, न शिकता परकी भाषा येणं. दुसऱ्याला 'ग्लोसोलालिया'.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्या पेंटेकॉस्टच्या अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली, तेव्हा पुष्कळांना पहिलाच प्रकार अभिप्रेत होता. 1 जानेवारी 1901ला कॅन्ससमधल्या टोपेका इथे चार्ल्स पॅरहॅम यांच्या बायबल शाळेत अ‍ॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. ती चिनी बोलली असं सांगितलं गेलं. पॅरहॅम यांचा तर्क असा की आता मिशनऱ्यांना व्याकरणं घोकायला नकोत. 1906मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या. तिथून आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी 1907च्या सुरुवातीला कलकत्त्यात येऊन थडकले, आपल्याला बंगाली मिळाली आहे या विश्वासाने. बंगाल्यांना ती कळली नाही. गार यांनी बंगाली मिळाल्याची ती समजूत सोडली, अन्य भाषा सोडली नाही. ती देवाशी बोलण्याची भाषा आहे, असं ते मानू लागले. चळवळीतल्या बहुतेकांचंही पुढे तेच झालं.

भाषाशास्त्राचं म्हणणं थोडक्यात: टोरंटोचे विल्यम समरिन यांनी अनेक देशांतली ध्वनिमुद्रणं तपासली. माणूस बहुतेक वेळा आपल्याच भाषेतले ध्वनी वापरतो, सोपी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, चढउतार भाषेसारखे असतात, पण शब्द आणि अर्थ यांची जोडी बसत नाही. म्हणजे भाषेचा साज आहे, कोश नाही. 2006मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं. भजनं गाताना होती त्यापेक्षा अन्य भाषा बोलताना पुढच्या भागातली हालचाल कमी दिसली. बोलणं आपण चालवत नाही, ते होतं, असं त्या सांगतात, त्याच्याशी हे जुळतं. पाचच जणी होत्या, तेव्हा यावर फार मोठे इमले बांधू नयेत.

उपशीर्षकवाली

एक बाळबोध शंका. मग आपलं 'अंगात येणं' का नको? प्रेक्षकाला चटकन कळेल.

पिंपरीकर

कळेल, पण चुकीचं कळेल. आणि कोणी ख्रिस्ती प्रेक्षक असेल तर दुखावेलही.

शब्दपारधी

भावना बाजूला ठेवल्या तरी दिशा उलटी आहे. अंगात आलं की देव माणसाच्या तोंडून बोलतो, 'मी' म्हणून बोलतो, आणि बहुधा लोकांना कळेल असंच बोलतो. लोक गाऱ्हाणं घालतात, त्याला उत्तर मिळतं. पौलाच्या वर्णनात माणूस देवाशी बोलतो आणि भोवतालच्यांना कळत नाही. शिवाय बोलणाऱ्याने थांबायचं म्हटलं तर थांबता येतं हे पौल गृहीत धरतो, नाहीतर 'पाळीपाळीने बोला' या सूचनेला काही अर्थ नव्हता. 'वाचा फुटली' हाही मोह होईल, कारण मराठी बायबलात 'आत्म्याने जसजशी वाचा दिली' असे शब्द आहेत. पण आज वाचा अन्यायाला फुटते आणि तीही वर्तमानपत्रात.

दौंड पॅसेंजर

कॅन्सस झालं, लॉस एंजेलिस झालं. आता जरा पुणे-सोलापूर मार्गावर या. केडगाव स्टेशन. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

दुष्काळातून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका तिथे होत्या. 1905च्या जूनअखेरीस प्रार्थनेचं वारं सुटलं. एका पहाटे मोठ्या मुलींपैकी एक, आपल्यावर आग उतरली असं वाटून जागी झाली. दुसरीला ती आग दिसली आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच लक्षात आलं की मुलगी जळत नाहीये. शब्दपारधी, अग्नीच्या जिभांवर पाणी ओतायला निघालेली ही मराठी मुलगी मला त्या सगळ्या श्लेषापेक्षा जवळची वाटते.

अन्य भाषेच्या बातम्या तिथून त्यानंतर येऊ लागल्या. दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे आल्बर्ट नॉर्टन 1907मध्ये केडगावला गेले होते. एका खोलीत वीसेक मुली प्रार्थना करत होत्या. नॉर्टन डोळे मिटून गुडघ्यावर बसले तर शेजारून स्वच्छ इंग्लिश प्रार्थना ऐकू आली, आणि बोलणारीला इंग्लिश येत नव्हतं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. साक्ष त्यांची आहे. मानायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

तिथेच काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी 1906मध्ये या सगळ्यावर पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीतल्या वालपराइसोला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचे पती विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक होते. 1909मध्ये त्यांच्या मंडळीत तसंच वारं सुटलं आणि चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका चळवळीची एक मुळी थेट केडगावात. आपल्या माहितीपटवाल्यांना हे ठाऊक असतं तर!

आता रमाबाई. संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी, बंगाली, इंग्लिश येणारी बाई, 1878मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून जिने संपूर्ण बायबल मराठीत आणलं (छापून आलं 1924मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर). सगळ्या 'अन्य' भाषा जिने कष्टाने मिळवल्या, तिला स्वतःला ही 'अन्य भाषा' मिळाली नव्हती. मुलींना मिळाली तर त्यांनी अडवलं नाही. पण आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची, म्हणजे पवित्र आत्मा माणसात उतरल्याची, आवश्यक खूण प्रीती, भाषा नव्हे, असं त्यांनी 1907मध्ये स्पष्ट लिहिलं. अमेरिकेत नेमकं उलट घडत होतं. 1914मध्ये स्थापन झालेल्या 'असेंब्लीज ऑफ गॉड'ने दोन वर्षांनी अन्य भाषेला त्या बाप्तिस्म्याची पहिली खूण ठरवून विश्वासाच्या कलमांत घातलं. मी रमाबाईंच्या बाजूचा. पक्षपात उघड केलेला बरा.

वसईवाला

आम्ही कॅथलिक. लहानपणी हे सगळं 'त्या लोकांचं' होतं. पण 1967मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅथलिक विद्यापीठातून पेंटेकॉस्टल वळणाची करिझ्मॅटिक चळवळ सुरू झाली आणि यथावकाश आमच्याही गावात पोचली. आता रिट्रीटला गेलं की स्तुतीच्या वेळी अर्धा हॉल पुटपुटू लागतो, कधी एका सुरात गाऊ लागतो. ते ऐकायला, खरं सांगतो, फार सुंदर असतं. आमच्या आजीला पटत नसे. तिला लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली लॅटिनमधली उपासना, आठवत होती. 'पूर्वी फादर बोलायचे ते कळत नव्हतं, मराठी आली म्हणून बरं वाटलं, तर आता हे.'

एक प्रश्न पिंपरीकरांना. मूळ बोलणं अर्ध्या मिनिटाचं आणि अर्थ दोन मिनिटांचा, असं का होतं?

पिंपरीकर

म्हणूनच आपण 'अर्थ सांगणे' म्हणतो, 'भाषांतर' म्हणत नाही. आमचे पाळक म्हणायचे, तारेचा मजकूर चार शब्दांचा असतो, पण घरात तो सांगायला तासभर लागतो.

आणि हो, सगळे ख्रिस्ती हे मानत नाहीत. अन्य भाषेसारखी कृपादानं, म्हणजे आत्म्याच्या देणग्या, प्रेषितांबरोबर संपली, असं म्हणणाऱ्या मंडळ्याही आहेत. माझी सासुरवाडी तशी. जेवताना आम्ही हवामानावर बोलतो.

खवचट काका

बरळणं मागे घेतो. मग ओळ काय ठरली?

उपशीर्षकवाली

'ती अन्य भाषेत बोलते आहे!' बरोबर आहे, पण ती बाई ओरडते आहे, आणि हे वाक्य ओरडता येत नाही. 'अन्य' वाचून अनोळखी प्रेक्षक विचारेल, अन्य म्हणजे कोणती? शिवाय ओरडणारी त्याच चर्चमधली आहे, ती पुस्तकी बोलणार नाही. म्हणून पाळकाच्या प्रवचनात दोनदा 'अन्य भाषा' पूर्ण येऊ देते, तोवर शब्द ओळखीचा होईल. आणि या जागी लिहिते, 'हिला भाषा मिळाली!'

पिंपरीकर

आई हेच म्हणाली असती. फक्त 'अगं' लावा आधी.