नंबर न दिसणारं, पण काकूंना जमेल असं ॲप सुचवा

रंकाळा_पहाट: सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्या आम्ही ३८ बायका, सगळ्यात मोठ्या काकू ६७ च्या. आत्ताच्या ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मागच्या महिन्यात कुणीतरी कुणाला तरी ॲड केलं आणि आमच्यातल्या एकीला रात्रीबेरात्री फोन यायला लागले, बिचारीनं शेवटी सिमच बदललं. तेव्हापासून माझ्या डोक्यातनं ते जाईना. एकाच कंपनीच्या ताब्यात नसलेलं, नंबर न मागणारं काय आहे? मास्टोडॉनचं नाव ऐकलंय.

पेठेतला_पोरगा: ताई, मास्टोडॉन मी रोज वापरतोय, मस्त आहे, पण तुमच्या कामाला नको. ते ट्विटरसारखं, मुळात चारचौघांत बोलायसाठी आहे. पोस्ट फक्त फॉलोअर्सना दिसेल असं सेटिंग करता येतं, पण ३८ फोनांत ते कोण बघणार, एकीचं राहिलं की तुम्ही रोज किती वाजता कुठनं फिरता हे सगळ्या गावाला कळणार. खाजगी मेसेज पण एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद नसतात, ज्या कॉम्प्युटरवर ते साठतात तो सर्व्हर चालवणाऱ्यानं मनात आणलं तर वाचू शकतो. आणि दोघी जणी काकूंबद्दल खाजगीत बोलताना काकूंचं हँडल, म्हणजे तिथलं नाव, ॲट (@) लावून लिहिलं तर तो मेसेज थेट काकूंनाच पोचतो बघा.

चावीवाला: +१. ब्लूस्काय पण तसलंच, तिथं तर प्रायव्हेट अकाउंटच नाही.

नॉस्टर_मावळा: मग नॉस्टर? ते पण कुणा एका कंपनीचं नाही, नंबर नाही, ईमेल नाही.

चावीवाला: नको हो. तिथं चावी, म्हणजे एक लांबलचक गुप्त कोड, तोच अकाउंट, हरवली की संपलं, कुणाच्या हातात पडली तर बदलता पण येत नाही. ताई, मॅट्रिक्स घ्या, ते एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं चॅटचं नेटवर्क आहे, त्याचं ॲप एलिमेंट. नंबर कुणाला दिसत नाही, रूम, म्हणजे तिथला ग्रुप, बनवतानाच एन्क्रिप्शन चालू करा, नंतर ते बंद होत नाही त्यामुळं कुणाच्या चुकून हात लागायची भीती नाही. त्रास एकच, रिकव्हरी की, म्हणजे नव्या फोनवर जुने मेसेज उघडायचा गुप्त कोड. आमच्या तालमीच्या रूममधल्या एकाचा फोन पंचगंगेत पडला, रिकव्हरी की कुठं लिहून ठेवलेली नव्हती, नव्या फोनवर जुना एकही मेसेज उघडला नाही, वडलांचे फोटो होते त्यात. म्हणून प्रत्येकीला रिकव्हरी की कागदावर लिहायला लावा, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.

पेठेतला_पोरगा: हे बरोबर. फक्त मजकूर लपला तरी कोण कुठल्या रूममध्ये आहे ते सर्व्हरवाल्याला दिसतं, म्हणून सर्व्हर विश्वासातला बघा. आणि रूम इन्व्हाइटवरच ठेवा, इन्व्हाइट करायचा हक्क दोघींनाच.

रंकाळा_पहाट: हा इन्व्हाइटचा मुद्दाच पाहिजे होता मला, सगळं तिथंच बिघडलं होतं. रविवारी फिरून झालं की माझ्या घरी सहा-सहा जणींना बसवते. काकू म्हणाल्या, रिकव्हरी की दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिते, ती काय कधी हरवत नाही. चालेल ना?

चावीवाला: चालतंय की. फक्त वहीवर "एलिमेंट" असं लिहू नका म्हणावं.