रोझमेरीचा काढा तेलाला का राखत नाही

ताई, रोझमेरी पाण्यात उकळून तो काढा जवसाच्या तेलात घुसळला, तरी तेल खवट झालं असं तुम्ही लिहिलंय. यात दोष रोझमेरीचा नाही, पाण्याचा आहे. तेलाला खरं राखतं ते तिच्यातलं कार्नोसिक आम्ल, आणि ते स्निग्धात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. काढ्यात उतरतं ते मुख्यतः पाण्यात विरघळणारं दुसरं, रोझमॅरिनिक आम्ल. म्हणूनच युरोपात ई-३९२ या क्रमांकाने खाण्यात घालायला मान्य असलेला रोझमेरीचा अर्क अल्कोहोल, अ‍ॅसिटोन किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढतात.

आमची आई लोणी कढवताना शेवटी विड्याचं पान टाकते. ते थेट तुपातच चुरचुरतं, कडक होऊन वर येतं. पाण्यात उकळण्यापेक्षा मला हीच पद्धत पटते. जवसाचं तेल मात्र तापवू नका. लहान गडद बाटलीत, फ्रिजमध्येच ठेवा.