आईसाठी वैयक्तिक योगशिक्षक शोधतेय (हाडं ठिसूळ, शिवाय काचबिंदू). मदत हवी आहे

नमस्कार. आई ६४ वर्षांची आहे, कोथरूडला राहते. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजतात ती) कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) धरतात. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी 'व्यायाम सोडू नका, पण पाठ वाकवून पुढे झुकू नका' असं बजावलंय.

ती सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गाला जाते. सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन, मग शवासन असा ठरलेला क्रम. बाई मनापासून शिकवतात. पण हॉल भरलेला असताना कोणाचा कणा कुठून वाकतोय हे त्या बघणार कधी? 'ज्यांना जमत नाही त्यांनी करू नका' एवढं सांगतात. आमची अडचण अशी की आईला सगळं जमतं! अंग पहिल्यापासून लवचीक, बसल्या जागी पायाचे अंगठे धरते. पाठ गोल झाली की मणक्यांच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथेच चेपतो, हे तिला पटत नाही, कारण दुखत काहीच नाही. डोळ्याचंही तेच. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, अगदी अधोमुख श्वानासनातसुद्धा.

म्हणून घरी येऊन शिकवणारं कोणी बघावं असं मला वाटतं. आई म्हणते, 'एकटीने करायला कंटाळा येतो, तिथे माझ्या मैत्रिणी आहेत.' तिचं हे म्हणणं मला मोडायचं नाही. शिक्षक निवडताना काय विचारायचं? आणि वर्ग पूर्ण सोडायलाच हवा का?

प्रतिसाद १
ताई, मी योग शिकवते. तुमची काळजी अगदी रास्त आहे. हलासन आणि सर्वांगासन आजपासून बंद करा. त्यात मानेवर भार येतो आणि डोळ्यावरही.

एकेकट्याला शिकवणं हे काही नवं फॅड नाही. योगगुरू कृष्णमाचार्य चेन्नईत माणूस बघूनच अभ्यास ठरवायचे. त्यांचे चिरंजीव देशिकाचार यांनी १९७६मध्ये काढलेल्या योग मंदिरातही तीच रीत ठेवली. पुण्यात तर अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, विटा, दोर वापरून आसनं आजारी माणसाच्या आवाक्यात आणली. आईंना याचा उपयोग होईल. भिंतीजवळ वृक्षासन, खुर्चीचा आधार घेऊन उभ्याची आसनं, पालथं झोपून हलकं शलभासन. तोल सुधारणं फार महत्त्वाचं, कारण ठिसूळ हाडं बहुतेकदा पडल्यावर मोडतात. पुढे झुकायचंच असेल तर कंबरेच्या खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. हा फरक हॉलच्या दुसऱ्या टोकावरून सांगून कळत नाही, पाठीला हात लावून दाखवावा लागतो.

शिक्षक पहिल्या भेटीत रिपोर्ट मागतात का, ते बघा. न विचारता थेट आसनं सुरू करणाऱ्यांना नको म्हणा. आयुषच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षेत शिकवण्याचे आणि थेरपीचे स्तर वेगळे आहेत, तेव्हा प्रमाणपत्र कोणतं आहे तेही विचारा. पण प्रमाणपत्रापेक्षा 'हे तुम्ही करू नका' असं ठामपणे सांगणारा माणूस महत्त्वाचा.

प्रतिसाद २
वर्ग सोडू नका. आमच्या सासूबाईंना मणक्याचा त्रास आहे. त्या सुरुवातीला काही महिने घरी येणाऱ्या योगबाईंकडे एकट्याने शिकल्या. मग त्या बाईंनी सासूबाईंचा स्वतःचा क्रम कागदावर लिहून दिला आणि वर्गातल्या बाईंनाही तो दाखवला. आता बाकीचे पश्चिमोत्तानासन करतात तेव्हा त्या दंडासनात ताठ बसतात. महिन्यातून एकदा घरच्या बाई येऊन तपासून जातात, त्यामुळे खर्चही झेपतो. ऑनलाइन मात्र सुरुवातीला नको. कॅमेऱ्यात पाठ बाजूने दिसली नाही तर शिकवणाऱ्याला काहीच कळत नाही.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. कागदाची कल्पना आईला चक्क आवडली, वर्ग सुटणार नाही म्हटल्यावर तयार झाली. वर्गातल्या बाईंशी मी स्वतः बोलते. आता दोन प्रश्न उरलेत. काचबिंदू असताना भस्त्रिका, कपालभाती चालेल का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारतेच आहे, पण कोणाला अनुभव असेल तर सांगा. आणि कोथरूड-कर्वेनगर भागात सकाळी येऊ शकतील अशा, शक्यतो बाई, कोणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.